डेकॅडंट लेखकांची धर्मांतरं: नव्या वाचकासाठी वाटाड्या

फ्रेंच कवी पॉल व्हर्लेनला देव तुरुंगात भेटला. इंग्रज चित्रकार ऑब्री बिअर्ड्स्ली कॅथलिक झाला आणि वर्षाच्या आत क्षयाने गेला. ऑस्कर वाइल्डला मरणाच्या आदल्या दिवशी, वाचा गेलेली असताना, चर्चमध्ये घेतलं गेलं. आणि ज्याची ‘आ रबूर’ ही कादंबरी या सगळ्या डेकॅडंटांची, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विलास, कृत्रिमता आणि ऱ्हास यांत सौंदर्य शोधणाऱ्या मंडळींची, पोथी मानली जाते तो फ्रेंच कादंबरीकार ह्युइसमांस पुढे एका बेनेडिक्टाइन मठाशेजारी घर बांधून राहिला.

नव्याने वाचणारे या माहितीवर दोन तऱ्हांनी वागतात. काही जण हसतात: सगळं उपभोगून झालं, मग देव आठवला. काही भारावतात: पापी माणूस शेवटी घरी आला. दोघेही पुस्तकं न वाचताच निकाल देतात. मी हा विषय संशोधनासाठी घेतला तेव्हा इंग्रजी पुस्तकांचा तोटा नव्हता, पण कुठून शिरायचं हे सांगणारं कोणी भेटलं नाही. म्हणून हा लेख. फ्रेंच येत नसेल तर फारसं अडत नाही. कॅथलिक पूजाविधीची तोंडओळख नसेल तर मात्र पानोपानी अडतं.

हाताशी काय असावं

- ह्युइसमांसच्या दोन कादंबऱ्या: ‘आ रबूर’ (१८८४) आणि ‘आँ रूत’ (१८९५). दोन्हींची जुनी इंग्रजी भाषांतरं प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आहेत. पण ‘आ रबूर’चं १९२२ सालचं जॉन हॉवर्डचं भाषांतर सोवळं करून छापलेलं आहे, बराच मजकूर गाळलाय. पैसे खर्च करायचेच तर रॉबर्ट बाल्डिकच्या भाषांतरावर करा. ‘आँ रूत’चं केगन पॉलने १८९६ मध्ये केलेलं भाषांतर चालेल. हा केगन पॉल एके काळचा अँग्लिकन पाद्री, १८९० मध्ये स्वतःच कॅथलिक झालेला, त्यामुळे विधींचे शब्द त्याला नीट ठाऊक होते.
- व्हर्लेनचा ‘साजेस’ हा संग्रह. फ्रेंच मूळ पाहायचं असेल तर फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘गालिका’ या संकेतस्थळावर जुन्या आवृत्त्या आहेत.
- वाइल्ड आणि बिअर्ड्स्ली यांचे पत्रसंग्रह. विद्यापीठाच्या ग्रंथालयात मिळाले तर उत्तम, नाहीतर इंटरनेट अर्काइव्हवर शोधा.
- मिस्सा (कॅथलिकांची मुख्य सामूहिक पूजा), पापनिवेदन (पुरोहितापुढे पापांची कबुली), कम्युनियन (पवित्र भाकरीचं सेवन), स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) म्हणजे काय याची अंदाजे कल्पना. पुस्तकातून घेण्यापेक्षा वसईच्या एखाद्या चर्चमध्ये मराठी मिस्सेला मागच्या बाकावर बसून या. लक्षात ठेवा, हे लेखक ज्या मिस्सेत बसत ती लॅटिनमध्ये असे. लोकभाषा आली ती १९६० च्या दशकात, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर.
- एक वही. ती कशासाठी, ते दुसऱ्या पायरीत.

१. आधी माणसं दोन ढिगांत वेगळी करा

फ्रेंच आणि इंग्रज. हे केलं नाही तर पुढे सगळा गोंधळ.

व्हर्लेन, ह्युइसमांस, त्यांच्या आधीचा बार्बे दोरव्हीयी हे सगळे जन्माने कॅथलिक. बाळपणी स्नानसंस्कार झालेला, मग तारुण्यात सगळं सुटलेलं. त्यांचं ‘धर्मांतर’ म्हणजे सोडलेल्या घरी परत येणं. त्यांना लाज वाटे ती शेजाऱ्यांची नव्हे, साहित्यिक मित्रांची. ह्युइसमांस मूळचा कादंबरीकार झोलाच्या कंपूतला, निसर्गवादी, म्हणजे जग दिसतं तसं काटेकोरपणे टिपणारा. त्या मंडळींत गुडघे टेकणारा माणूस म्हणजे थट्टेचा विषय.

इंग्रजांचं वेगळं. ते जन्माने बहुधा अँग्लिकन, आणि अँग्लिकन चर्च म्हणजे राष्ट्राचं चर्च. कॅथलिकांना तिथे १८२९ मध्ये नागरी हक्क मिळाले, बिशपांची रचना १८५० मध्ये परत उभी राहिली. नामवंत अँग्लिकन पाद्री न्यूमन १८४५ मध्ये रोमकडे गेला, म्हणजे कॅथलिक झाला, तो धक्का पुढच्या पिढीलाही ताजा होता. याची किंमत रोकडीत मोजता येते. वाइल्डचा सावत्र भाऊ हेन्री विल्सन १८७७ मध्ये वारला तेव्हा त्याने ऑस्करसाठी शंभर पौंड ठेवले होते, ते प्रोटेस्टंट राहण्याच्या अटीवर.

आणि राफालोविचचा कप्पा निराळाच ठेवा. इंग्रजीत लिहिणारा कवी आंद्रे राफालोविच हा ओडेसाहून पॅरिसला आलेल्या श्रीमंत ज्यू घराण्यातला. त्याचा प्रवेश हा खराखुरा एका धर्मातून दुसऱ्या धर्मात.

इथे मराठी वाचकासाठी एक सापळा आहे. आपल्या मनात या गोष्टीचं चित्र ना. वा. टिळकांचं असतं: १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा, घर मोडलं, लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, जातीने वाळीत टाकलं. ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या माणसाला ते विसरता येणं शक्य नाही. तेच माप पॅरिसला लावलं तर सगळं पोकळ वाटायला लागतं, कारण मठातून परतल्यावर ह्युइसमांस गृहखात्यातल्या आपल्या टेबलाशी जाऊन बसला आणि १८९८ पर्यंत तिथेच कारकुनी करत राहिला. समाजाने काही हिसकावलं नाही म्हणून आत काही घडलं नाही, असं मात्र धरू नका.

उलट एक खरा धागा आपल्याकडे आहे, तो हाताशी ठेवा. इंग्रज डेकॅडंटांना धूप, मेणबत्त्या, झगे, मठवास यांची गोडी लागली ती पुष्कळदा अँग्लिकन चर्चमध्येच, जुने कॅथलिक विधी परत आणू पाहणाऱ्या ऑक्सफर्ड चळवळीच्या लाटेमुळे. त्याच लाटेतले अँग्लिकन संघ, कौली फादर आणि इंग्लंडमधल्या वाँटेजच्या सिस्टर्स, पुण्यात पंचहौद मिशन चालवत होते. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये झाला तोही वाँटेजलाच. म्हणजे ‘ग्रामण्य’ म्हणून आपण ज्या १८९० च्या चहाच्या गोष्टी सांगतो, त्या चहाच्या मागे उभं असलेलं चर्च याच घराण्यातलं.

२. तारखांची वही घाला

चार रकाने: जन्माचा पंथ, प्रवेशाची तारीख, त्याआधीचं शेवटचं महत्त्वाचं लेखन, त्यानंतरचं पहिलं. कंटाळवाणं काम आहे, पण याच्याइतकं उपयोगाचं दुसरं नाही. इंग्रजांपासून सुरुवात करा:

- जॉन ग्रे (कवी): फेब्रुवारी १८९०
- लायनेल जॉन्सन (कवी): जून १८९१
- अर्नेस्ट डाउसन (कवी): सप्टेंबर १८९१
- रॉबर्ट रॉस (वाइल्डचा मित्र): १८९४
- आंद्रे राफालोविच: १८९६
- ऑब्री बिअर्ड्स्ली: ३१ मार्च १८९७
- मायकेल फील्ड (या नावाने लिहिणाऱ्या कॅथरिन ब्रॅडली आणि एडिथ कूपर): १९०७
- लॉर्ड आल्फ्रेड डग्लस (कवी, वाइल्डचा प्रियकर): १९११

आता यासमोर पुस्तकं मांडा. ग्रेचा ‘सिल्व्हरपॉइंट्स’, जो इंग्रजी डेकॅडंट कवितेचा नमुना म्हणून दाखवतात, तो निघाला १८९३ मध्ये. कवी तीन वर्षं आधीच कॅथलिक झालेला. जॉन्सनचा पहिला कवितासंग्रह १८९५ चा, डाउसनचा १८९६ चा. म्हणजे ‘आधी विलास, मग पश्चात्ताप’ ही क्रमवारी इंग्लंडमध्ये तारखांपुढे टिकत नाही. इथे दोन्ही गोष्टी एकाच वेळी, एकाच टेबलावर चालू होत्या.

दुसरी एक समजूतही ही वही मोडते. समलिंगी संबंधांबद्दल वाइल्डला तुरुंगात धाडणाऱ्या १८९५ च्या खटल्याने घाबरून ही मंडळी चर्चच्या आडोशाला गेली, असं पुष्कळ ठिकाणी ऐकायला मिळतं. राफालोविच आणि बिअर्ड्स्ली यांच्यापुरता हा प्रश्न विचारता येतो. ग्रे, जॉन्सन, डाउसन, रॉस हे चौघे खटल्याच्या आधीच आत गेले होते.

व्हर्लेनच्या बाबतीत एक पाऊल पुढे जाऊन कविताच तारखेनुसार लावा. त्याने आपला प्रियकर, तरुण कवी रँबो याच्यावर गोळी झाडली ती १० जुलै १८७३ ला, ब्रुसेल्समध्ये. दोन वर्षांची शिक्षा. बायकोपासून कायदेशीर फारकतीची बातमी मॉन्सच्या तुरुंगात कळली १८७४ मध्ये, आणि त्यानंतर त्याने तुरुंगातल्या पाद्र्याला बोलावून घेतलं. ‘साजेस’ आला १८८० च्या अखेरीस. त्यातली छपरावरच्या आभाळाची कविता, ‘आकाश आहे छपरावर, किती निळं, किती शांत’, अशी सुरू होणारी, सगळे धर्मांतराचा पुरावा म्हणून वाचतात. ती ब्रुसेल्सच्या तुरुंगातली आहे, मन वळण्याच्या आधीची. शिवाय तुरुंगात त्याने कवितांची जी वही तयार केली होती ती छापलीच नाही. तिच्यातल्या काही कविता ‘साजेस’मध्ये गेल्या, काही दुसऱ्या संग्रहात, काही ‘पारालेलमाँ’ या उघड दैहिक पुस्तकात. एकाच कोठडीतले कागद त्याने नंतर सोवळे-ओवळे करून वाटले.

३. ‘आ रबूर’ आणि ‘आँ रूत’ जोडीनेच वाचा

एकच पायरी करण्याइतका वेळ असेल तर ही करा.

‘आ रबूर’चा नायक देझेसाँत पॅरिसबाहेर फोंतने-ओ-रोझला घर घेऊन एकटा राहतो. कासवाच्या पाठीवर रत्नं जडवतो, कासव मरतं. निरनिराळ्या मद्यांचे थेंब जिभेवर घेऊन तो संगीत ‘वाजवतो’. हे सगळ्या लेख-व्हिडिओंमध्ये येतं. तुम्ही मात्र पाचव्या प्रकरणावर थांबा. तिथे तो झोपायची खोली सजवतो, ती साधूच्या कोठडीसारखी. गरिबीचा देखावा, पण महागड्या सामानात. भिंतीचा साधा पिवळा रंग हवा म्हणून पिवळं रेशीम. जमिनीवर लाल फरशीचा भास देणारा गालिचा, आणि त्या गालिच्याच्या लोकरीत मुद्दाम फिकट डाग विणून घेतलेले, जणू साधूंच्या चपलांनी फरशी झिजली आहे.

आता ‘आँ रूत’ उघडा. ह्युइसमांस स्वतः जुलै १८९२ मध्ये रीम्सजवळच्या इन्यीच्या ट्रॅपिस्ट (मौन पाळणाऱ्या कडक साधूंच्या) मठात राहून आला होता. कादंबरीतला दुर्ताल तसाच मठात जातो, आणि तिथे खरी झिजलेली जमीन आहे. जाण्याआधी त्याची घालमेल कशाची, तर तिथलं जेवण पचेल का आणि तंबाखू ओढता येईल का! नवखा वाचक इथे वैतागतो: हा माणूस देवाकडे चाललाय की थंड हवेच्या ठिकाणी? पण हेच ह्युइसमांसचं इमान आहे. पोट, दात, झोप, धूर हे सगळं तो कबुलीजबाबाच्या खोलीपर्यंत बरोबर नेतो.

मठातला एक प्रसंग सावकाश वाचा. पहिल्या प्रयत्नात दुर्तालला पापनिवेदन करताच येत नाही, तो कोसळतो, आणि महंत त्याला दुसऱ्या दिवशी यायला सांगतो. पुढे प्रायश्चित्त मिळतं ते जपमाळेचं. मग त्याच्या डोक्यात किडा वळवळायला लागतो: दहा मणी म्हणाले की दहा माळा? दहा मणी म्हणजे काहीच नाही. दहा माळा म्हणजे पाचशे ‘नमो मरिया’. इतकं सोपं प्रायश्चित्त कसं असेल, म्हणून तो माळांच्या मागे लागतो, जीभ जड होते, शब्दांचा अर्थ उडून जातो, आणि मग संशय येतो की हे सैतानानेच कानात सोडलं असावं. मणीच सांगितले होते. आपल्याकडे ज्याने नामजपाचा संकल्प सोडून मध्येच आकडा विसरल्याचा अनुभव घेतलाय त्याला ही पानं समजावून सांगावी लागत नाहीत.

त्याच मठात सिमेओन नावाचा म्हातारा बंधू डुकरं राखतो. दुर्तालला तोच खरा संत वाटतो. अकरा वर्षांपूर्वी या लेखकाच्या नायकाला नोकराणीची सावलीसुद्धा मठवासिनीच्या टोपीत खिडकीवरून गेलेली हवी होती, नाहीतर डोळ्यांना त्रास होई. हे अंतर वाचकाने स्वतः चालायचं असतं.

आणि न बदललेलंही पाहा. देझेसाँतला उतरत्या काळातली, सडू लागलेली लॅटिन भाषा आवडते. दुर्तालला चर्चची लॅटिन आवडते. देझेसाँत वाईट चित्रांवर दात खातो. दुर्ताल वाईट धार्मिक चित्रांवर आणि बेसूर गाणाऱ्यांवर त्याहून जास्त. जीभ तीच, फक्त तिला दुसरं जेवण मिळालं. ह्युइसमांसने १९०३ मध्ये ‘आ रबूर’ला नवी प्रस्तावना लिहिली तेव्हा हे कबूल केलं: पुढच्या सगळ्या कादंबऱ्यांचं बी याच पुस्तकात होतं. त्याच प्रस्तावनेत तो बार्बेचं वाक्य आठवतो. बार्बेने १८८४ मध्येच लिहिलं होतं की अशा पुस्तकानंतर लेखकापुढे पिस्तुलाची नळी किंवा क्रुसाचा पायथा, एवढंच उरतं. ह्युइसमांस पुढे जोडतो: निवड झाली. हे वाक्य बऱ्याचदा भलत्याच्याच नावावर फिरतं. ते बार्बेचं, आणि त्याने ते आधी कवी बोदलेरबद्दलही वापरलं होतं.

सापळा: मधलं पुस्तक ‘ला-बा’ (१८९१) आधी वाचणं. काळ्या मिस्सेच्या (सैतानपूजेच्या) प्रसंगामुळे सगळे तिथे धावतात. तो प्रसंग छोटा आहे आणि खरं सांगायचं तर पुस्तकातला सर्वात चांगला भागही नाही. त्यात लक्ष ठेवा सँ-सुल्पिस चर्चच्या मनोऱ्यावर राहणाऱ्या घंटा वाजवणाऱ्याच्या जेवणाच्या टेबलावर. नास्तिक दुर्ताल तिथे ऊब शोधत येतो. पुढची कादंबरी त्याच चर्चमध्ये, पण खाली, नोव्हेंबरातल्या मृतांच्या आठवड्यात सुरू होते. मनोऱ्यावरून गाभाऱ्यापर्यंतचा जिना चढउतार करायला त्याला एक अख्खं पुस्तक लागलं.

४. प्रवेशानंतरची वर्षं बघा

प्रवेशाचा दिवस सगळ्यांचा सारखाच दिसतो. फरक पुढे पडतो.

व्हर्लेन १८७५ मध्ये सुटला, इंग्लंडमध्ये लिंकनशायरमधल्या स्टिकनी गावात शाळामास्तर झाला, काही वर्षं बरा वागला आणि मग पुन्हा दारूत गेला. पण त्याने धर्म सोडला असं म्हणता येत नाही. भक्तीच्या आणि देहाच्या कविता समांतर लिहायच्या, हे त्याने ठरवूनच केलं. ‘पारालेलमाँ’ म्हणजे समांतरच. याला ढोंग म्हणणाऱ्यांनी ‘साजेस’मधली देव आणि माणूस यांच्यातल्या संवादाची सुनीतं एकदा मोठ्याने वाचून बघावीत.

डाउसन आत गेला आणि तरीही पिणं, भटकणं, एका अल्पवयीन मुलीवरचं हताश प्रेम हे सगळं तसंच राहिलं. १९०० मध्ये बत्तिसाव्या वर्षी गेला. त्याच्या ननांवरच्या कवितेत बाहेरचं जग दमलेलं आहे आणि मठाच्या भिंतीआड शांतता आहे. कवी मात्र भिंतीबाहेरच उभा आहे.

बिअर्ड्स्लीचं ७ मार्च १८९८ चं पत्र मूळ वाचा. फ्रान्समधल्या मांतोंहून, मरणाच्या नऊ दिवस आधी, त्याने प्रकाशक स्मिदर्सला विनवलं की ‘लायसिस्ट्राटा’ या ग्रीक नाटकाची आणि सगळी अश्लील चित्रं नष्ट कर. स्मिदर्सने ऐकलं नाही, म्हणून ती चित्रं आज आपण पाहू शकतो. कोणाची बाजू घ्यायची ते तुमचं तुम्ही ठरवा. मी प्रत्येक वेळी वेगळी घेतो.

आणि ग्रे. सुताराचा मुलगा, देखणा, वाइल्डच्या वर्तुळातला, ‘डोरियन ग्रे’ या वाइल्डच्या कादंबरीशी ज्याचं नाव जोडलं गेलं तो. १८९८ मध्ये रोमला स्कॉट्स कॉलेजात गेला, १९०१ मध्ये पुरोहित झाला. एडिंबराच्या काउगेटमधल्या गरीब वस्तीत काम केलं, मग मॉर्निंगसाइडच्या सेंट पीटर्स चर्चमध्ये, १९३४ मध्ये मरेपर्यंत. ते चर्च उभं राहिलं त्यात राफालोविचचा पैसा होता, आणि राफालोविच त्याच शहरात येऊन राहिला. दोघेही १९३४ मध्येच गेले.

इथे दोन आळशी वाचनं टाळा. एक: चर्च म्हणजे या पुरुषांना समलिंगी प्रेम लपवायची जागा. दुसरं: चर्चने त्यांना ‘सुधारलं’. राफालोविचने ज्या वर्षी प्रवेश केला त्याच वर्षी, १८९६ मध्ये, समलिंगी वृत्तीवर फ्रेंचमध्ये अख्खा ग्रंथ छापला. लपणारा माणूस ग्रंथ छापत नाही.

ह्युइसमांसचा शेवट वाचायला जड आहे, आणि तो कळायला त्याचं एक मत माहीत हवं: एकाचं दुःख दुसऱ्याच्या पापाची भरपाई करू शकतं. स्खीडामच्या संत लिडविनाचं चरित्र त्याने १९०१ मध्ये लिहिलं ते याच मतावर उभं आहे. त्याला जबड्याचा कर्करोग झाला, मधे काही काळ डोळेही गेल्यातच जमा होते, आणि दुखणं त्याने याच हिशोबात धरलं. १२ मे १९०७ ला तो गेला. हे मत पटायची गरज नाही. पण ते वगळून त्याची शेवटची पुस्तकं वाचली तर ती नुसती आजारपणाची हौस वाटते.

५. मरणशय्येच्या गोष्टी वेगळ्या फायलीत ठेवा

वाइल्डची गोष्ट तीन तुकड्यांत आहे, आणि शेवटच्या तुकड्यावर उडी मारायची नाही. १८७८ मध्ये, ऑक्सफर्डला असताना, तो लंडनच्या ब्रॉम्प्टन ऑरेटरीत फादर बाउडनना भेटला, प्रवेश अगदी हाताशी आला आणि त्याने माघार घेतली. (स्वतःऐवजी लिलीच्या फुलांचा खोका पाठवला, ही दंतकथा गोड आहे. दंतकथा म्हणूनच सांगा.) १९ मे १८९७ ला तुरुंगातून सुटल्या सुटल्या त्याने फार्म स्ट्रीटच्या जेझुइटांकडे सहा महिने राहण्याची परवानगी मागितली. असं घाईत घेता येणार नाही, असा निरोप आला. तिसरा तुकडा पॅरिसचा: ओतेल दाल्झास, २९ नोव्हेंबर १९००. रॉबर्ट रॉस पॅशनिस्ट संघाचे फादर कथबर्ट डन यांना घेऊन आला. वाइल्डला बोलता येत नव्हतं, हात हलवून त्याने होकार दिला असं रॉस सांगतो. ‘आधी झाला नसेल तर’ या अटीचा स्नानसंस्कार झाला. दुसऱ्या दिवशी तो गेला.

नोंद करताना साक्षीदार कोण, हे नेहमी लिहा. रॉस स्वतः सहा वर्षांपूर्वी कॅथलिक झालेला होता. म्हणून तो खोटं बोलतो असं नाही, पण तो तटस्थही नाही. बोदलेरचंही तसंच: १८६६ मध्ये पक्षाघाताने वाचा गेली, १८६७ मध्ये मृत्यू, शेवटचे संस्कार झाले. त्यावरून ‘दुष्ट फुलं’ या त्याच्या कवितासंग्रहाचा अर्थ लावायला बसू नका. आणि वाइल्डच्या नावावर कॅथलिक चर्चबद्दलची जी चटकदार वाक्यं फिरतात, त्यातलं एकही त्याच्या पत्रात किंवा पुस्तकात स्वतः पाहिल्याशिवाय वापरू नका.

६. कानाने वाचा

थोडक्यात सांगतो. ह्युइसमांस युक्तिवादाने वळला नाही, गाण्याने वळला. सोलेमच्या मठातल्या ग्रेगोरियन गायनाची ध्वनिमुद्रणं यूट्यूबवर आहेत. ‘दे प्रोफुंदिस’, ‘साल्वे रेजिना’, ‘दिएस इरे’ ही तीन ऐका आणि मग ‘आँ रूत’चं पहिलं प्रकरण पुन्हा वाचा. साथीला वाद्य नाही, एकच सूर. कीर्तनाच्या टाळ-मृदंगावर पोसलेल्या कानाला सुरुवातीला कोरडं वाटेल. मठात रात्रीच्या प्रार्थनेनंतर ट्रॅपिस्ट ‘साल्वे रेजिना’ म्हणतात ते पान या ऐकण्यानंतरच उघडतं.

७. राजकारणाचं पान चुकवू नका

फ्रान्समध्ये हा काळ प्रजासत्ताक विरुद्ध चर्च असा होता. शाळांतून धर्मशिक्षण काढणारे फेरीचे कायदे १८८१-८२ चे. १ जुलै १९०१ च्या कायद्याने मठसंघांवर निर्बंध आले, ह्युइसमांस ज्यांच्याशेजारी घर बांधून राहत होता ते लिगुजेचे बेनेडिक्टाइन देश सोडून बेल्जियमला गेले आणि नुकताच तिथला गृहस्थ-साधक झालेला ह्युइसमांस पॅरिसला परतला. ‘लोब्ला’ (म्हणजे गृहस्थ-साधक, १९०३) ही याच अनुभवावरची कादंबरी. १९०५ मध्ये राज्य आणि चर्च अधिकृतपणे वेगळे झाले. म्हणजे त्या वेळी चर्चमध्ये परत जाणं हे सरकारच्या विरुद्ध बाजूला उभं राहणंही होतं. त्या बाजूला ड्रेफस प्रकरणातला (ज्यू अधिकाऱ्यावरच्या देशद्रोहाच्या खोट्या आरोपातला) ज्यूद्वेष होता, आणि ह्युइसमांसच्या पानांवर तो दिसतो. तो झाकूनही ठेवू नका आणि त्यावरून सगळं पुस्तक फेकूनही देऊ नका.

८. पुढे कुठे जायचं

मायकेल फील्ड लगेच घ्या. मावशी-भाची, जन्मभराच्या सोबती, एका नावाने लिहिणाऱ्या. १९०६ मध्ये त्यांचा लाडका कुत्रा व्हिम चाव गेला आणि पुढच्या वर्षी दोघी कॅथलिक झाल्या. कुत्र्याच्या शोकातून त्रैक्याच्या धर्मशास्त्रापर्यंतचा त्यांचा प्रवास ऐकताना हसू येतं, वाचताना येत नाही. त्यांच्या या वाटेत जॉन ग्रे होता, तेव्हा वहीतल्या दोन ओळी इथे जोडल्या जातात.

फ्रेडरिक रोल्फ, म्हणजे ‘बॅरन कोर्व्हो’, थोडा थांबवून घ्या. १८८६ मध्ये कॅथलिक झाला, पुरोहित व्हायला रोमच्या स्कॉट्स कॉलेजात गेला, तिथून १८९० मध्ये काढला गेला, आणि १९०४ मध्ये त्याने एक कादंबरी लिहिली ज्यात त्याच्यासारखाच नाकारलेला इंग्रज थेट पोप होतो. जॉन ग्रे जिथे टिकला तिथूनच रोल्फ बाहेर पडला, म्हणून दोघांना शेजारी ठेवलं की मजा येते. फ्रेंच कॅथलिक लेखक लेऑँ ब्लुआ मात्र सर्वात शेवटी. भाषा अफाट, पण दर दोन पानांनी कोणाला तरी शिव्या, आणि त्या कोणाला आहेत हे कळायला तोवरची सगळी वही पाठ असावी लागते.

२०१५ मध्ये आलेल्या मिशेल वेलबेकच्या ‘सूमिसियों’मुळे ह्युइसमांसकडे वळला असाल तर एवढंच करा: ती कादंबरी आणि ‘आँ रूत’ यांच्यामध्ये महिनाभराचं अंतर ठेवा. त्यातला प्राध्यापक ह्युइसमांसचा अभ्यासक आहे आणि लिगुजेलाही जाऊन येतो, पण त्याच्या डोळ्यांनी पाहिलं तर ह्युइसमांस त्याच्याइतकाच थकलेला दिसतो. मूळ माणूस गायकांच्या बेसुरेपणावर पानंच्या पानं चिडणारा होता.